पाटीताई

आमच्या ऑफिसात पाट्या टाकणारे पुष्कळ आहेत. पाटी लावणारी एकच. म्हणून तिचं नाव पाटीताई पडलं, आणि ते इतकं चिकटलं की नव्या साहेबांनी पहिल्याच मीटिंगमध्ये तिला सगळ्यांसमोर "मिसेस पाटी" अशी हाक मारली. आम्ही सगळे खाली माना घालून हसू दाबत बसलो. ती मात्र हसली नाही आणि रागावलीही नाही. म्हणाली, "बोला."

तिचं काम मी नवख्या माणसाला समजावून सांगायला गेले की मलाच घाम फुटतो, तरी सांगते. आम्ही टीव्हीचं चॅनेल चालवतो. जे टीव्हीवर दिसतं तेच आमच्या ॲपवर मोबाईलवर दिसतं, असं लोकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. बाहेरून आणलेली दृश्यं, म्हणजे मॅचचे तुकडे, परदेशातले पूर, कुठल्या समारंभातलं गाणं, ही आम्ही विकत घेतो, आणि घेताना टीव्हीचा हक्क वेगळा असतो, मोबाईलचा वेगळा. कितीदा तरी साहेब लोक टीव्हीचा घेतात आणि मोबाईलचा परवडत नाही म्हणून सोडून देतात. मग होतं काय, तीच मॅच, तोच गोल, तोच धडपडलेला खेळाडू; पण टीव्हीवर पडला तर चालतो, मोबाईलवर पडायची त्याला परवानगी नाही. अशा वेळी ॲपवरचं चित्र झाकायचं आणि त्या जागी पाटी लावायची: हक्कांअभावी हा भाग येथे दाखवता येत नाही, क्षमस्व. ती पाटी लावते आणि काढते पाटीताई. सकाळच्या बातम्या, दुपारच्या, संध्याकाळच्या. नोकरी लागली तेव्हा तिचे केस काळे होते एवढं मला आठवतंय.

मी तिच्या समोरच्या टेबलावर बसते. बातम्यांखाली ॲपवर ज्या लिखित ओळी येतात, त्या मी टाइप करते. म्हणजे बोलतील ते जसंच्या तसं उतरवायचं, मनाचं काही घालायचं नाही. मंत्री अर्धवट बोलला तर अर्धवटच लिहायचं. मला या कामाचा अभिमान आहे आणि त्यामुळे मी लोकांच्या डोक्यात जाते, तेही मला ठाऊक आहे.

आमच्या खोलीला खिडकी नाही. एसी गळतो, त्याखाली कुणीतरी कचऱ्याची बादली ठेवली आहे आणि ती रिकामी करायची पाळी कुणाची यावरून माझं सफाईवाल्याशी कायमचं वाकडं आहे. भिंतीवर दोन मोठे पडदे. डावीकडे टीव्हीवर चाललेलं, उजवीकडे ॲपवरचं. उजवीकडचं जग डावीकडच्यापेक्षा अर्धा मिनिट उशिरा चालतं. तेवढ्या अर्ध्या मिनिटावर पाटीताईचं घर चालतं. डावीकडे एखादं दृश्य आलं की तिने समोरच्या कागदावर बघायचं. प्रत्येक बातमीपुढे रंग असतो, हिरवा म्हणजे मोकळं, लाल म्हणजे झाकायचं, पिवळा म्हणजे वकीलबाईंना विचारायचं. वकीलबाई फोन उचलत नाहीत, म्हणून पिवळा म्हणजे लालच. मग बटण. त्या बटणावरचा रंग तिच्या अंगठ्याने कधीच उडवलेला आहे.

"हे आपलं," ती पुटपुटते. "हे आपलं. हे आपलं नाही."

दिवसभर हेच. सुरुवातीला मला वाटायचं जप चाललाय. नंतर कळलं की ही सवय तिच्या घरापर्यंत पोचली आहे. शेजारचं कुत्रं दारात आलं, "आपलं नाही." मुलाने फोनवर बायकोशी भांडल्याचं सांगितलं, "ते आपलं नाही, तुमचं तुम्ही बघा." नवरा तिचा मीटर वाचायचं काम करून रिटायर झालेला, गुडघ्याने अधू, दिवसभर घरात बसून तिच्या येण्याकडे डोळे लावतो आणि ती आली की बोलायला विषय सापडत नाही म्हणून लाईटबिलावर बोलतो. सासूबाई नव्वदीच्या आसपास, कान गेले पण डोळे ठणठणीत. त्यांना नातवाने मोबाईलवर आमचं ॲप लावून दिलेलं. त्या संध्याकाळी सुनेची वाट बघतात ती चहासाठी नव्हे. "आज परत मधेच तुझी पाटी आली," म्हणतात. "काय लपवलंस?" 

"काही नाही हो, फुटबॉल होता."

"फुटबॉलमध्ये लपवण्यासारखं काय असतं?"

 अर्धी जिंदगी लोकांना 'दाखवता येत नाही' सांगण्यात घालवलेली बाई, तिला घरीसुद्धा तेच सांगावं लागतं. ती दमलेली होती. झोप काढल्यावर जाणारं दमणं वेगळं. हिचं सोमवारी सकाळीसुद्धा तस्संच असायचं. मी विचारलं, "सुट्टी का नाही घेत?" तर म्हणाली, "घेतली होती. घरी बसून दोन्ही पडदे आठवत होते."

आणखी एक काम तिच्याकडे होतं, ते मला कधीच आवडलं नाही. ज्या दृश्यांची मुदत संपली ती आमच्या यंत्रातून पुसून टाकायची. काही महिनाभर ठेवता येतात, काही वर्षभर, काही एकाच दिवसापुरती. मुदत संपली की त्यांची नावं तिच्या पडद्यावर सकाळी वर येतात, ती एकेक करून पुसते आणि मग चहा घेते. लोकांची लग्नं, मोर्चे, वादळं. मी एकदा म्हटलं, "एखादं राहिलं तर कुणाचं काय जातं?" ती म्हणाली, "उसनं आणलेलं पातेलं घरात राहिलं की आपलंच वाटायला लागतं." 

तक्रारीच्या फोनचं सांगायचं राहिलं. पाटीच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात एक नंबर असायचा. कुठल्या तरी साहेबाला वाटलं की लोकांना शंका असतील. लोकांना शंका नव्हत्या, शिव्या होत्या. तो फोन आमच्याच खोलीत वाजायचा आणि ती उचलायची नाही, म्हणून मी उचलायचे. पाटी लावणाऱ्याचे हात झडोत, हे मी किती वेळा ऐकून घेतलं असेल. मी शांतपणे "कळवते हां" म्हणायचे आणि रिसीव्हर ठेवून तिला सांगायचे, "तुझे हात झडले का बघ." ती हात वर करून दाखवायची.

तर त्या दुपारी फोन वाजला तेव्हा मी तो अगदी त्याच तयारीने उचलला.

दोन दिवस एकच बातमी चालली होती. डोंगरातून नव्या रस्त्याचा बोगदा खणत होते, तो आत कोसळला आणि सहाजण अडकले. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की माती सरली, आता एकेकाला बाहेर काढणार. बोगद्याच्या तोंडाशी एकाच संस्थेच्या कॅमेऱ्याला परवानगी होती. त्यांनी चित्र सगळ्यांना विकलं. टीव्हीसाठी आम्हाला, आणि मोबाईलसाठी दुसऱ्याच एका कंपनीला, जी पैसे भरणाऱ्यांनाच दाखवते. आमचा कागद वरपासून खालपर्यंत लालभडक झाला होता. पाटीताईने पाटी लावली आणि ती लावून बसली. उजवीकडच्या पडद्यावर बातम्यांचा आवाजसुद्धा बंद, कारण आवाजही त्यांचाच. माझ्या लिखित ओळीही बंद. मला काही काम नव्हतं. मी डावीकडे बघत होते.

"हॅलो, ते पाटीवाले का?" बाईचा आवाज. मागे गाडीची घरघर.

"बोला," मी म्हटलं. आता हात झडणार.

"अहो, ती पाटी जरा काढता का? मी बसमध्ये आहे. तिकडेच निघाले आहे, बोगद्याकडे. माझा नवरा आत आहे."

 मी फोनचं स्पीकरचं बटण दाबलं आणि पाटीताईकडे बघितलं. बाई पुन्हा बोलली. तिच्या मोबाईलवर आमचंच ॲप होतं, दुसरं पैसे भरायचं ॲप तिच्याकडे नव्हतं, बसमधल्या कुणाकडेही नव्हतं, आणि पोचायला अजून बराच वेळ होता. "मघापासून तेच लिहिलंय," ती म्हणाली. "दाखवता येत नाही, दाखवता येत नाही. म्हणजे वाईट आहे का? वाईट असलं की दाखवत नाहीत ना?"

आता मला सांगा, इतकी वर्षं आम्ही ती पाटी लावतो, ती वाचून कुणाला असं वाटत असेल हे आमच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"नाही हो," पाटीताई म्हणाली. ती फोनवर बोलली हीच नवलाची गोष्ट. "वाईट म्हणून नाही. ते चित्र आमचं नाही, एवढंच. कुणी अजून बाहेर आलेलं नाही."

"तुम्हाला दिसतंय?"

"दिसतंय."

"मग मला काढून द्या ना पाटी."

"ती नाही काढता येत, बाई."

"मग सांगा तरी! तुम्हाला दिसतंय ते तोंडाने सांगा. तोंड तर तुमचं आहे ना?"

 पाटीताईचा हात नेहमीसारखा बटणावर होता. मग तिने तो तिथून काढला आणि कीबोर्डवर ठेवला. पाटीवरचा मजकूर तिच्या यंत्रात एका चौकोनात असतो. त्यात मागे एकदाच 'क्षमस्व' चुकलं होतं ते दुरुस्त करायला तिने तो उघडला होता. आता तो तिने पुन्हा उघडला, जुनं वाक्य पुसलं आणि एका बोटाने टाइप केलं: अजून कोणीही बाहेर आलेलं नाही. माणसं उभी आहेत. रुग्णवाहिका तयार आहेत.

"अगं, काय करतेस?" मी म्हटलं.

"चित्र त्यांचं, आवाज त्यांचा," ती म्हणाली. "अक्षरं कुणी विकत घेतलेली नाहीत."

फोनमधून एकदम गलका झाला. बसमधल्या बायकापुरुषांनी आपापले मोबाईल काढलेले असावेत. "आलं, आलं! वाचा, मोठ्याने वाचा!" कुणी तरी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. आणि मला त्या क्षणी कळलं की ही एक बस झाली. ॲपवर त्या वेळी किती लोक ती पाटी बघत असतील, त्यातल्या कितींचं कोण आत असेल, देव जाणे.

पहिला माणूस बाहेर आला. दोघांच्या खांद्यावर हात टाकून, पण स्वतःच्या पायांवर. अंगभर चिखल, तोंडावर मास्क, डोळ्यांवर पट्टी. पाटीताई लिहायला लागली. तिला टाइप करायची सवय नाही, अक्षर शोधता शोधता तिची जीभ बाहेर येत होती. पहिला बाहेर. चालत. बुटका. केस पिकलेले.

"नाही," फोनवरची बाई म्हणाली. "आमचे उंच आहेत."

दुसरा बाहेर. उंच. चालत.

"मान कशी आहे? ते मान तिरकी ठेवून चालतात. लहानपणी डोक्यावरून ओझी वाहिलीत ना."

पाटीताई पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. "सरळ आहे हो मान," ती म्हणाली, आणि परत येऊन लिहिलं: मान सरळ. मग बसमध्ये कुणी तरी विचारलं असावं, कारण बाईने सांगितलं, "इथे म्हणतायत की ज्यांची ज्यांची माणसं आहेत त्यांना कळेल असं काहीतरी लिहा. दाढी, बिढी." तिच्यावर स्वतःचं एवढं ओझं असताना तिला दुसऱ्यांचंही सुचत होतं. पाटीताईने दाढी लिहिली. मनगटावरचा लाल धागा, तुटका दात, सगळं लिहिलं. मी तिला ओरडून सांगत होते, "तिसरा! एक हात गळ्यात बांधलाय! लिही!" इतक्या वर्षांत ऐकलेलं लिहायची मला सवय, बघितलेलं सांगायची पहिलीच वेळ. माझा आवाज चिरकत होता.

चौथा चालत आला. पाचवा स्ट्रेचरवर, पण उठून बसायला बघत होता, लोकांनी दाबून झोपवला. दोन्ही वेळा बाई म्हणाली, "नाही." दर नकारागणिक तिचा आवाज बारीक होत गेला. दुसऱ्याचं माणूस वाचलं याचा आनंद करावा की आपलं आलं नाही याचं दुःख, हे काही तिला सुधरत नसावं. 

मग बराच वेळ काही नाही. बोगद्याचं तोंड, दिवे, माणसांच्या पाठी. बाई म्हणत होती, "आता तेच. आता तेच राहिले." पाटीताईने लिहिलं: एकजण आत आहे. आणायला गेले आहेत.

सहावा आला. स्ट्रेचरवर. चौघांनी धरलेला, पाचवा बाजूने धावत होता. तोंडावर मास्क, अंगावर ब्लँकेट. ब्लँकेटमधून डावा हात बाहेर आलेला, खाली लोंबत. स्ट्रेचर माती वाहायच्या गाड्यांच्या रुळांवरून आणताना एक जोरात धक्का बसला आणि हात हलला. भरलेल्या पिशवीला धक्का बसल्यावर ती हलते तसा. मग पुन्हा लोंबायला लागला. मी हे अगदी स्वच्छ बघितलं. मी पडद्यापासून हाताच्या अंतरावर उभी होते.

"आले का?" बाई विचारत होती. "आले का हो? बोला ना."

पाटीताई टाइप करत होती. मी वळून बघितलं. सहावा बाहेर. स्ट्रेचरवर. उंच. हात हलला.

"हलला?" बाई ओरडली. "अहो ऐकलंत का, हात हलला! हलला!" आणि बसमध्ये असा काही आरडाओरडा झाला की फोनचा स्पीकर खरखरला. कुणीतरी रडत होतं, कुणी हसत होतं. मग बस डोंगराच्या आड गेली असावी, फोन तुटला.

आम्ही दोघी उभ्याच होतो. तिने मजकूर पुसला, जुनं वाक्य परत घातलं. दुपारच्या बातम्या संपल्या. मी तिला काही विचारलं नाही. संध्याकाळच्या बातम्यांत निवेदिकेने सांगितलं की पाच वाचले, सहावा मृतावस्थेत बाहेर काढण्यात आला. ते वाक्य ॲपवर माझ्या हाताने उमटलं. 'मृतावस्थेत' हा शब्द मी नीट लिहिला, जोडाक्षरं तपासली, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारून आले. ती जागेवरच बसून होती, हे आपलं, हे आपलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आले तर तिच्या पडद्यावर पुसायची नावं वर आलेली होती. बोगद्याचं दृश्य एकाच दिवसापुरतं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं.

"थांब जरा," मी म्हटलं. "एकदा बघून घे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. असं थकलेलं तोंड मी तिचंसुद्धा कधी बघितलं नव्हतं. "मुदत संपली," ती म्हणाली आणि पुसून टाकलं. मला संताप आला. मी तिला म्हटलं, तू त्या बाईला फसवलंस आणि आता पुरावा नाहीसा केलास. नको ते बोलले, तावातावाने बोलले. ती चहा आणायला निघून गेली आणि येताना माझाही घेऊन आली.

त्यानंतर साहेबांनी बोलावलं. मोबाईलचा हक्क घेतलेल्या त्या कंपनीने तक्रार केली होती. मजा अशी की त्यांचंही चित्र अर्धा मिनिट उशिरा पोचतं, आणि पाटीताईची अक्षरं लगेच पोचत होती. म्हणजे पैसे भरून बघणाऱ्यांना जे दिसायचं होतं ते आमच्या फुकट्या पाटीवर आधीच वाचून झालेलं. पाटी चित्राच्या पुढे धावली! वकीलबाईंनी करार उलटापालटा करून बघितला. चित्र नाही, आवाज नाही, फोटो नाही असं होतं. माणसाने बघून लिहू नये असं कुठे नव्हतं. "तांत्रिकदृष्ट्या काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण पुन्हा करू नका." पुन्हा करता येऊ नये म्हणून पाटीचं चित्रच करून टाकलं. आता त्यातलं एक अक्षरही बदलता येत नाही. साहेबांनी विचारलं, "काही म्हणायचंय?" ती म्हणाली, "नाही. बरं झालं." आणि ती खरंच तसं म्हणत होती, टोमणा नव्हता. तिला आणखी एखादा माणूस स्ट्रेचरवरून येताना लिहायचा नव्हता.

आमच्यात बोलणं होतं पण पूर्वीसारखं नाही. मी फोन उचलायचे, शिव्या ऐकायचे, पण हात झडल्याची थट्टा बंद पडली. असे काही आठवडे गेले. मग एका संध्याकाळी, बातम्यांना थोडा अवकाश असताना, तो फोन आला.

मी आवाज लगेच ओळखला. या वेळी मागे बसची घरघर नव्हती.

"त्या दिवशी पाटी लिहीत होत्या त्या बाई आहेत का?"

मी स्पीकर लावला. पाटीताईने खुर्ची पुढे ओढली.

"आहे. बोला."

"मला एक मदत पाहिजे होती," बाई म्हणाली. रडत नव्हती. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा कोरडा आवाज. "ते बाहेर आले तो तेवढा तुकडा मला मिळेल का? मी कुणाला देणार नाही. एकदाच सासूबाईंना दाखवायचा आहे."

"नाही मिळणार," पाटीताई म्हणाली. "आता आमच्याकडे नाही तो. पुसला."

"कुणी पुसला?"

"मी."

 बाई म्हणाली, "सासूबाई म्हणतात, तो आतच गेला होता. डॉक्टरही तेच म्हणाले. सगळे म्हणतात. सासूबाई विचारतात, अंधारातच गेला का गं माझा मुलगा? मी त्यांना सांगते, नाही, बाहेर आले होते, उजेडात आले होते, हात हलला होता, मी वाचलंय. त्या म्हणतात, तुला आशा होती म्हणून तू तसं वाचलंस. आता मलाही कळेनासं झालंय. तुम्ही लिहिलं होतं ना तसं?"

"लिहिलं होतं."

"बघून लिहिलं होतं?"

मी पाटीताईकडे बघत होते. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. इतक्या वर्षांत तिने कुणाचं काही स्वतःकडे ठेवून घेतलं नव्हतं.

"बघून लिहिलं," ती म्हणाली.

"आणखी कुणी बघितलं का हो? एकट्या तुमच्या सांगण्यावर त्या ऐकायच्या नाहीत. कोणता हात होता, एवढं तरी सांगा."

 पाटीताईच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तिला ते आठवत नाही. तिने हात बघितलाच नव्हता नीट. तिला तेव्हा तो हलावा एवढंच वाटत होतं. ती माझ्याकडे बघायला लागली. डोळ्यांनी काही मागितलं नाही, नुसतं बघितलं.

"डावा," मी म्हटलं. माझा आवाज माझ्या आधी निघाला. "मी पण तिथेच होते. मीही बघितलं. डावा हात ब्लँकेटच्या बाहेर आला आणि हलला."



"डावा?"

"डावाच. मी पडद्याच्या अगदी जवळ होते."

"हो," बाई म्हणाली. "डावाच असणार. सकाळी उठवलं ना, की ते आधी डावा हात वर करायचे. मग डोळे उघडायचे." आणि मग तिचा कोरडा आवाज फुटला आणि ती ढसाढसा रडायला लागली. तिने फोन तोंडापासून लांब केला असावा, कारण ती कुणाला तरी हाका मारत होती, "आई! अहो आई, इकडे या, ऐका, या काय सांगतात ते ऐका."

संध्याकाळच्या बातम्यांचं संगीत सुरू झालं. पाटीताईने कागद समोर ओढला, पहिलीच बातमी लाल होती, तिने बटण दाबलं. मी माझ्या ओळी टाइप करायला लागले. एक म्हातारी बाई फोनवर आली आणि म्हणाली, "बाळ, पुन्हा एकदा सांग." मी एका हाताने निवेदिकेचं वाक्य पुरं केलं आणि पुन्हा एकदा सांगितलं.